विहिणीची अंडी

निपाणीच्या तानुबाईनं रागवावं असं तिच्या विहिणीनं काही केलं नव्हतं. सून सुविधा बाळंत झाली आणि तिची आई हौसाबाई उचगावहून दर रविवारी घरच्या कोंबड्यांची अंडी घेऊन यायला लागली, एवढंच. सुविधा सासूच्या हातचं सगळं खाई, अंडं मात्र माहेरचंच. असला पिवळाजर्द बलक बाजारात मिळत नाही, असं तानुबाईचा मुलगा प्रेमानंदही जेवताना बोलून गेला. तानुबाईचं जेवणात लक्ष लागेना.

तिनं हट्टानं एक खुडूक कोंबडी आणून अंडी उबवायला बसवली. तेरा पिल्लं निघाली. पहिले तीन आठवडे तिनं बारीक कणी घातली, पण पाच-सहा महिने थांबायचा धीर कुणाला? तिनं दुकानातून अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं चुनखडी घातलेलं खाद्य आणून पिल्लांपुढं ओतलं. लवकर वाढतील, लवकर अंडी देतील.

महिन्याभरात पिल्लं मलूल झाली, पाय ओढायला लागली. चार मेली. सुविधानं न विचारता आईला फोन केला, हे तानुबाईला मेलेल्या पिल्लांपेक्षा जास्त झोंबलं.

रविवारी हौसाबाई पिल्लं झाकलेल्या डालग्यापाशी उकिडवी बसली. खाद्य चिमटीत घेऊन तिनं हळूच विचारलं, "विहीणबाई, ह्ये कुणी घाटलं?"

दुकानदारानंच चुकीचं दिलं, असं तानुबाईच्या ओठावर आलं होतं. "म्याच," ती म्हणाली. "तुमच्यावानी अंडी बिगी बिगी पायजे हुती मला."

हौसाबाई हसली नाही. एवढा चुना पिल्लांना सोसत नाही, आतून बिघडतात, म्हणाली. दोन महिने पिल्लांचंच खाद्य आणि कणी द्यायची, मग भरड ज्वारी, पेंड, पालापाचोळा. अंड्यावर आल्यावर चुन्याचं खाद्य, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. तानुबाई मान हलवत राहिली. यातलं निम्मं तिची आईच सांगायची, आणि आता ते विहिणीच्या तोंडून ऐकावं लागत होतं.

उरलेल्या नऊपैकी सहा जगली. त्यातल्या चार माद्या, तलंगा, निघाल्या आणि सहाव्या महिन्यात अंड्यावर आल्या. तानुबाईनं मोठी मोठी अंडी निवडून उचगावला धाडली. हौसाबाईचा फोन आला, "आमच्यापरास थोर हाइत."

तानुबाई दिवसभर खुशीत होती. संध्याकाळी तिच्या मनात आलं, विहीण मन राखायला तर बोलली नसेल? मग पुन्हा तिचं जेवणात लक्ष लागेना.