साडूभाऊंचं केळवण

ऑस्ट्रेलियाला न जाता ऑस्ट्रेलियात सर्वांत जास्त काळ राहिलेला माणूस कोण, असं कुणी मला विचारलं तर मी डोळे मिटून माझ्या साडूंकडे बोट दाखवीन. विमानात पाऊल ठेवण्याआधी चांगली दोन-अडीच वर्षं हे गृहस्थ चेन्नईजवळच्या आवडी या उपनगरातल्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात मेलबर्नला राहत होते. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, हे यजमान. त्यांचे वडील आवडीच्या संरक्षण कारखान्यात नोकरीला आले आणि तिथेच मुरले, त्यामुळे साडूभाऊंचा जन्म, शाळा, मुंज, सगळं चेन्नईचं. स्वतः ते इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात मोटारींच्या सुट्या भागांची तपासणी करत. मी बँकेच्या बदलीनं चेन्नईत नुंगंबाक्कमला आलो, तेव्हा पहिल्याच भेटीत ते मला म्हणाले, "इथं फार जीव लावू नका साडूभाऊ. आपण सगळे इथं तात्पुरतेच." मला वाटलं, काही अध्यात्म सांगताहेत. ते व्हिसाबद्दल बोलत होते.

व्हिसाचे कागद पाठवले त्या दिवसापासून त्यांच्या घरातलं घड्याळ मेलबर्नच्या वेळेवर लागलं. आपण संध्याकाळी चहाला गेलो की ते जांभई देत म्हणायचे, "बसा बसा, तिकडे आता झोपायची वेळ झाली, पण बसा." 'तिकडे' हा त्यांचा तकियाकलाम. तिकडे थंडी असते म्हणून भर मे महिन्यात, चेन्नईचं डांबर पायाला चिकटत असताना, ते लोकरीचं जाकीट घालून सकाळी फिरायला निघत. अंगाला सवय व्हायला नको का? तिकडे नोकरचाकर नसतात म्हणून त्यांनी भांडीवाली बंद केली आणि आठ दिवस स्वतः भांडी घासली. नवव्या दिवशी भांड्यांची तपासणी करून बायकोला म्हणाले, "तू जास्त स्वच्छ घासतेस." तेव्हापासून भांडी ताईकडे आली ती कायमची. तिकडे बार्बेक्यू करतात म्हणून गच्चीवर त्यांनी वांगी आणि मक्याची कणसं भाजायचा घाट घातला, तेव्हा धूर पाहून खालचे सोवळ्यातले घरमालक जिना चढून आले आणि वर काय शिजतंय याची खात्री होईपर्यंत नाकाला उपरणं लावून उभे राहिले.

लाज ही गोष्ट साडूभाऊंच्या वाट्याला आलेलीच नव्हती. ती त्यांच्याबरोबर चालणाऱ्याच्या वाट्याला यायची. तिकडे बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार मानतात, म्हणून एकदा नुंगंबाक्कमच्या थांब्यावर पुढच्या दारातून उतरताना ते थांबून, वाकून, ड्रायव्हरला "थँक यू" म्हणाले. ड्रायव्हरनं गाडी बंद केली आणि मागे वळून कंडक्टरला ओरडून सांगितलं, की या सारना सुट्टे पैसे दिलेले दिसत नाहीत. गाडीभर चौकशी झाली. साडूभाऊ मात्र शांतपणे पुन्हा "थँक यू" म्हणून खाली उतरले. मी मागच्या मागे दुसऱ्या दारानं उतरून, आमची ओळखच नाही अशा चेहऱ्यानं, सिग्नलपर्यंत एकटा चालत गेलो. तिकडे साहेबाला नावानं हाक मारतात, म्हणून कारखान्यात त्यांनी एका सकाळी कपाळावर भस्माचे पट्टे असलेल्या साठीच्या साहेबांना नुसत्या नावानं 'गुड मॉर्निंग' केलं. पुढचा महिनाभर त्यांची पाळी रात्रीची होती. "पाहा, तिकडे असं होत नाही," एवढंच त्यावर त्यांचं म्हणणं.

ताई या सगळ्यात कुठेच नव्हती. तिचा जाण्याला विरोधच होता. आवडीचा बाजार, शाळेतून येणारी मुलगी आणि रात्रीचा ताकभात यापलीकडे तिला जग नको होतं. ती मला म्हणायची, "भाऊजी, हे सवय करताहेत ती करू देत. मला काही जमायचं नाही तिकडे." आणि आम्ही सगळे माना डोलवायचो. साडूभाऊंचं तिकडे सोनं होणार आणि ताईचे हाल होणार, याबद्दल आमच्यात कुणाचंच दुमत नव्हतं.

आता आमच्या केळवणांबद्दल सांगायला हवं. चेन्नईतली आम्ही मराठी माणसं म्हणजे रेल्वे, बँका, संरक्षण कारखाने यांच्या बदल्यांनी आणून टाकलेली. आज आहोत, उद्या नाही. त्यामुळे लग्नाआधीचं केळवण आम्ही कधीच सैल करून टाकलं होतं. कुणाची बदली झाली, कुणी गाव सोडून निघालं, की त्याला प्रत्येक घरी केळवण. पाट, रांगोळी, गोडाधोडाचं जेवण आणि निघताना हातावर नारळ. साडूभाऊ तर थेट समुद्रापार निघालेले. त्यातून व्हिसा लांबला, तशी केळवणंही लांबली, आणि काही घरांनी त्यांना दोनदा जेवू घातलं. तिकडे घालायला शिवलेल्या पँटी पुन्हा शिंप्याकडे गेल्या. प्रत्येक पानावर बसून ते यजमानांना तिकडच्या रीती समजावत. आमच्यात सगळ्यांत वडीलधाऱ्या म्हणजे तंजावरकडच्या काकू. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या घराण्यातल्या, त्यांची मराठी आम्हाला जुन्या पोथीतली वाटायची. त्यांच्याकडे पुरणपोळीवर तूप घालून घेता घेता साडूभाऊ म्हणाले, "तिकडे जेवायला बोलावलं ना काकू, तरी ज्यानं त्यानं आपलं आपण आणायचं असतं." काकूंनी तुपाची वाटी तशीच हातात धरली. "मग तू काय आणलास रे?" त्यांनी विचारलं.

विमानतळावर निरोपाला आमची अख्खी फौज होती. साडूभाऊंनी जाकीट घातलं होतं आणि सगळ्यांशी एकेक करून हस्तांदोलन केलं. सासूबाई नारळ द्यायला पुढे झाल्या, तर त्यांनी त्यांचाही हात धरून हलवला. नारळ माझ्या पायावर पडला. ताई डोळे पुसत होती, मुलगी तिच्या पदराला धरून होती, आणि साडूभाऊ त्या दोघींना पुढे घालून, शाळेची सहल नेणाऱ्या मास्तरांसारखे, काचेपलीकडे गेले.

पुढे काही महिने दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येई. "काय साडूभाऊ, अजून घाम पुसताय का?" अशी सुरुवात, मग रस्ते, शिस्त, हवा. त्यानंतर एक पावसाळा असा आला की फोन तसाच येत राहिला, पण त्यात काहीतरी बदललं. शिस्त तीच, हवा तीच, पण आवाज उतरलेला. आणि एका रविवारी ते मला मेलबर्नच्या थंडीचं वर्णन सांगत असताना त्यांच्या मागून स्पष्ट आवाज आला, "कीरेऽ! कीरे, अम्मा, कीरे!" आमच्या दारावरूनही रोज सकाळी पालेभाज्यांची टोपली घेऊन बाई जायची ती हेच ओरडत. मी खिडकीबाहेर पाहिलं. आमच्या रस्त्यावर कुणी नव्हतं. "तिकडे आवाज कसला?" मी विचारलं. "टीव्ही," साडूभाऊ म्हणाले आणि फोन ठेवला.

मनाची समजूत घालून मी ते सोडून दिलं. मग बँकेच्या कामासाठी मला इरुंगाट्टुकोट्टैला जावं लागलं. एका लहान कारखान्यानं नवीन यंत्रासाठी कर्ज मागितलं होतं, ते यंत्र आलंय की नाही हे बघायला. यंत्र आलं होतं. यंत्राशेजारी निळा कोट घालून, रबरी वाट्यांचा ढीग पुढ्यात घेऊन, साडूभाऊ बसले होते. माझ्याकडे बघून ते उठले. पुन्हा बसले. "सुट्टीवर आलोय," म्हणाले. निळा कोट घालून, डोक्याला कारखान्याची टोपी चढवून कोण सुट्टी घालवतं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मलाच इतकं ओशाळल्यासारखं झालं, की मी कारखानदाराला "आमची ओळख नाही" असं सांगून टाकलं, आणि ते कुणी विचारलंही नव्हतं.

फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ते माझ्याशी बोलले, सगळा वेळ ग्लासात बघून. तिकडे त्यांच्या अनुभवाला कुणी विचारलं नाही. जिथे जावं तिथे, इथला अनुभव आहे का, एवढाच प्रश्न. आणि ताई, जिला काही जमणार नव्हतं, तिला दोन महिन्यांत एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. तिथल्या म्हाताऱ्या तिला नावानं हाका मारू लागल्या, ती गाडी शिकली, तिनं थंडीत जायला दुकानातून स्वतःसाठी स्वतः कोट आणला. साडूभाऊ घरी. त्यांनी भांडी घासली, या वेळी खरंच रोज घासली. "त्याचंही काही नाही हो," ते म्हणाले. "पण शाळेत बाईंनी पोरीला विचारलं, तुझे वडील काय करतात? मी दारातच उभा होतो. ती म्हणाली, बाबा अजून तयारी करताहेत." ग्लास त्यांनी फळीवर ठेवला. "चेष्टेनं नाही म्हणाली. तिला तसंच वाटतं. कळायला लागल्यापासून तेच बघितलंय तिनं."

त्याच आठवड्यात, जुन्या कारखान्यानं थोड्या दिवसांसाठी बोलावलंय असं ताईला सांगून ते तिकडून निघाले. जुन्या कारखान्यात जायची लाज, म्हणून हा दुसरा. आवडीला पाय ठेवायची लाज, म्हणून कारखान्याजवळ श्रीपेरुंबुदूरला एक खोली. "इतक्या घरी केळवण खाल्लंय साडूभाऊ. कुठल्या तोंडानं जाऊ? तुमच्या घरी बोलू नका." आणि रविवारी सकाळी फोनच्या बूथवर उभं राहून ते मला मेलबर्नची हवा सांगत होते, कारण फोन आला नसता तर आम्ही तिकडे केला असता.

पुढचे काही रविवार माझ्या आयुष्यातले सर्वांत लाजिरवाणे. बायको शेजारी भाजी निवडत बसलेली, फोनवर साडूभाऊ, आणि मी विचारतोय, "मग, बर्फ वगैरे पडतो का?" दोन थोर गृहस्थ एकमेकांशी खोटं बोलताहेत, दोघांनाही ते माहीत आहे, आणि दोघांचेही कान गरम. शेवटी एका रविवारी फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही आणि मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं भाजीवरून नजर उचलली नाही. "इतकी वर्षं इथं काढली, कीरेवालीचा आवाज मला कळत नाही होय? फोन माझ्याही कानाला असतो. ताईला तेव्हाच विचारलं. ती म्हणाली, विचारू नका त्यांना, फार लागेल." मग कळलं की आवडीतही निम्म्या घरांना माहीत होतं. कुणीतरी त्यांना लोकलमध्ये तोंडापुढे वर्तमानपत्र धरून बसलेलं पाहिलं होतं, आणि त्यांची अडचण नको म्हणून पुढच्या स्टेशनला डबा बदलला होता. ज्या माणसानं आम्हाला इतकी वर्षं लाजवलं, त्याची लाज राखायला सगळं गाव धडपडत होतं, आणि तो बिचारा एका खोलीत एकटा ताकभात खात होता.

मी काकूंकडे गेलो. म्हटलं, केळवण खाऊन गेलेला माणूस परत आला तर काय करायचं, अशी काही रीत आहे का? काकू मला मूर्खात काढत म्हणाल्या, "अय्यो, हे काय विचारतोस? केळवण झालं म्हणजे माणूस परतूच नये की काय? लग्न होऊन गेलेली पोर मांडव परतायास येत नाही का? ती आली म्हणून कोणी तिला, नांदली नाही, असं म्हणतं? सेरी, बरं. रविवारी घेऊन ये त्यास."

त्यांना आणणं सोपं गेलं नाही. काकूंच्या फाटकाशी ते थांबले, चप्पल काढली, पुन्हा घातली. आत सगळी मंडळी होती आणि कुणी उठून "कधी आलात?" विचारलं नाही. पाट मांडला होता, रांगोळी होती. काकूंनी औक्षण केलं. साडूभाऊ पानावर बसले, पण घास उचलला नाही. मान खाली घालूनच म्हणाले, "काकू, मला तिकडे जमलं नाही." आम्ही सगळे आपापल्या पानांकडे बघायला लागलो. इतक्या घरी इतकी भाषणं केलेला हा माणूस एवढंच वाक्य बोलला. "बायकोस जमलं ना?" काकूंनी विचारलं. "तिला जमलं." "मग ती दाखवील तुला. भात घे." त्या भाताबरोबर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि काकू म्हणाल्या, रसम् जरा तिखट झालंय आज. झालं नव्हतं.

महिन्याभरात ते परत गेले. या वेळी केळवण नव्हतं. विमानतळावर मी एकटाच होतो, आणि त्यांनी मला मिठी मारली, जी आमच्यात कुणी कुणाला मारत नाही. दोन दिवसांनी फोन आला. मी काही विचारायच्या आत ते सांगू लागले.

"ती घ्यायला आली होती. गाडी तीच चालवत होती. मी शेजारी बसलो. अर्धा रस्ता गेला. मग तिनं विचारलं, काकूंनी काय काय केलं होतं जेवायला? मी सांगायला लागलो. डाव्या बाजूपासून सुरू केलं, मीठ, लिंबू, कोशिंबीर. घर आलं तरी संपेना. तिनं गाडी दारात उभी केली, पण उतरली नाही. म्हणाली, सांगा, पुढे काय होतं."

मी फोन बायकोच्या हातात दिला.