दहा वाट्या आणि एक तांब्या

उंबरखार गावात फुटबॉलचं वेड असलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे राघोशेठ मढवी. बाकीचं सगळं गाव क्रिकेटचं. शीळफाट्याहून आत वळलं की आधी गावदेवीचं देऊळ लागतं आणि देवळाला लागून मैदान. जानेवारी उजाडला की त्या मैदानावर टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात त्या मे संपेपर्यंत. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, कर्ण्यावर समालोचन, विजेत्याला मोटरसायकल, असा सगळा थाट. अशा गावात फुटबॉलवाला म्हणजे मटणाच्या पंगतीला बसलेला माळकरी. त्याला कोणी उठवत नाही, पण त्याच्याकडे कोणी बघतही नाही.

हे वेड त्यांना लागलं विसाव्या वर्षी. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ते कामाला होते. तिथं कोल्हापूरचा एक फिटर होता. जेवणाच्या सुट्टीत तो चिंध्यांचा बॉल करून खेळायचा. राघोशेठ अंगानं दांडगे, म्हणून त्यानं त्यांना दोन ड्रमांच्या मधे उभं केलं आणि सांगितलं, "हितनं काय आत जाऊ द्यायचं न्हाई." झालं. कंपनी बंद पडून पंधरा वर्षं झाली, घरच्या जमिनीवर चाळ उभी राहिली, भाडी येऊ लागली, पोट सुटलं, पण राघोशेठ मनानं अजून त्या दोन ड्रमांच्या मधेच उभे होते.

त्यांचं दुःख एवढंच की त्यांचं ऐकून घेणारं कोणी नव्हतं. बोलायला ते कुठंही तयार असायचे. एका चुलत्याच्या दहाव्याला, कावळा शिवायची वाट बघत बसलेल्या माणसांना त्यांनी ऑफसाइड म्हणजे काय ते समजावलं होतं. कावळा शिवला तेव्हा सगळ्यांना जरा जास्तच हायसं वाटलं. घरी बायजाबाईंचा उपाय ठरलेला. नवऱ्यानं "त्या मॅचमधे काय झालं" असं म्हटलं की त्या मिक्सर चालू करायच्या.

सात वर्षांपूर्वी राघोशेठनी दोन इंची पाइप आणून, स्वतः उभं राहून वेल्डिंग करून घेतलं आणि मैदानाच्या दोन टोकांना नट-बोल्ट आवळून गोलपोस्ट उभे केले. रविवारी संध्याकाळी पंधरा-वीस पोरं जमवली. 'गावदेवी स्पोर्ट्स, उंबरखार' असं छापलेल्या जर्सी वाटल्या. क्रिकेटवाल्यांना ते पोस्ट डोळ्यांत खुपायचे. सीमारेषेवर झेल घ्यायला धावणाऱ्या एकदोघांची डोकी त्यांवर आपटली होती. क्रिकेट मंडळाचा अध्यक्ष प्रफुल्ल हा राघोशेठचा सख्खा पुतण्या. शेवटी यंदा फेब्रुवारीत त्यानं देवळात बैठक बोलावली.

"काका, सरळ बोलतो," प्रफुल्ल म्हणाला. "सात वर्षांत एक कप नाय आणला तुम्ही. तुम्ही स्पर्धा भरवा, आपली टीम जिंकली तर रविवारची संध्याकाळ कायमची फुटबॉलची. हरली तर पोस्ट काढायचे. डील?"

"डील," राघोशेठ म्हणाले आणि देवीसमोर नारळ फोडला. देवीसमोर बोललेला शब्द उंबरखारात कोणी मागं घेत नाही.

आठ संघ ठरले. आठवड्यावर स्पर्धा आली आणि एक संघ गळाला. त्याच दिवशी आंबिवलीहून फोन आला, भिवा भोईर यांचा. भिवा म्हणजे राघोशेठचे व्याही, मुलगी संचिता हिचे सासरे. रेल्वेत गँगमन म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेला अबोल माणूस. हल्ली गावातल्या पोरांचा फुटबॉल संघ सांभाळत होता. त्या संघाची ख्याती अशी की कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंत ज्याला कोणाला सात गोलांनी जिंकायची हौस यायची, तो आंबिवलीला आव्हान द्यायचा.

"व्याही, आमची पोरा आली तर चालंल काय?" भिवांनी विचारलं.

"अवो या ना! घरचंच मैदान हाय," राघोशेठ म्हणाले, आणि फोन ठेवून हसले. एक सामना तर खिशात पडला, असं त्यांना वाटलं.

शनिवारी अंतिम सोडून सगळे सामने झाले. राघोशेठ यजमान, त्यामुळे ते सगळा वेळ मांडवात, भाकऱ्या आणि चिकन सगळ्यांना पुरतंय की नाही ते बघण्यात अडकले होते. आपला संघ धडाधड जिंकत अंतिम फेरीत गेला हे त्यांना कळलं. आंबिवलीवाले दोन्ही सामने शून्य-शून्य बरोबरीत सोडवून पेनल्टीवर जिंकले, हेही कळलं. "नशीब एकेकाचं," एवढं म्हणून त्यांनी भाकऱ्यांची नवी चळत उचलली.

रविवारी चार वाजता अंतिम सामना. तीस-तीस मिनिटांचे दोन डाव. गाव लोटलं होतं. अर्धं फुटबॉल बघायला, अर्धं पोस्ट निघताना बघायला. पहिल्या रांगेत प्रफुल्ल खुर्ची टाकून बसला होता आणि त्याच्या खुर्चीखाली दोन पाने ठेवलेले राघोशेठना लांबूनही दिसले. नट खोलायचे, चांगले मोठे.

कर्ण्यावर धाकू होता. धाकू गावचा क्रिकेटचा समालोचक, आवाज खणखणीत, पण फुटबॉलची बाराखडी माहीत नाही.

सामना सुरू व्हायच्या आधीच घोटाळा झाला. शनिवारचा कीपर बोट दुखावून बसला होता, म्हणून आंबिवलीकडून गोलमधे उतरला तो सुशांत, संचिताचा नवरा. आता राघोशेठचा जावई म्हणजे आख्ख्या गावचा जावई. तो गोलमधे जाऊन उभा राहतो न राहतो तोच दोन म्हाताऱ्या मैदानात शिरल्या, त्याला टॉवेल-टोपी दिली, कपाळाला कुंकू लावलं. उंबरखारच्या टारगट पोरांनी समोरच्या कीपरला हैराण करायला आठवडाभर शिव्या घोकल्या होत्या. त्या सगळ्या फुकट गेल्या. जावयाला शिवी द्यायची कोणाची छाती?

शिट्टी वाजली आणि उंबरखारनं चढाई केली. पाचव्या मिनिटाला विकीनं, म्हणजे गावदेवी स्पोर्ट्सच्या हुकमी एक्क्यानं, गोळ्यासारखा फटका मारला. तो एका पोराच्या मांडीवर आपटून परत आला. पुन्हा मारला, दुसऱ्याच्या पाठीवर. तिसरा थेट सुशांतच्या पोटात बसला आणि बायकांच्या बाजूनं एकच कालवा उठला, "अगो बाय, जावय!" विकी ओशाळून माफी मागायला गेला. तेवढ्यात सुशांतनं बॉल लांब भिरकावून दिला.

"आणि हा आणखी एक निर्धाव चेंडू!" धाकू गरजला.

राघोशेठ मैदानाच्या कडेनं येरझारा घालत होते. पहिली पंधरा मिनिटं त्यांना फक्त राग आला. हे काय खेळणं झालं? आंबिवलीची जवळजवळ सगळी पोरं स्वतःच्या गोलसमोर दाटीवाटीनं उभी. बॉल मिळाला की लांब हाणायचा आणि परत जागेवर यायचं. कोणी पुढं जात नाही, कोणी हावरेपणा करत नाही. अशानं फुटबॉल मरेल, असं ते शेजारच्याला म्हणाले. शेजारचा फोन बघत होता.

आणि मग, विसाव्या मिनिटाच्या सुमाराला, त्यांना ती रचना नीट दिसली. पुढं चार, त्यांच्या मागं पाच, एक जरा बाजूला. राघोशेठचे पाय जागीच थांबले. ही रचना त्यांनी पाहिली होती. नुसती पाहिली नव्हती, स्वतःच्या हातानं मांडली होती.

गेल्या दिवाळीत नातवाचा पहिला वाढदिवस होता, आंबिवलीला. लेकीच्या घरी उठसूट जायचं नाही ही जुनी रीत राघोशेठ पाळायचे, म्हणून असं निमित्त मिळालं की ते मनसोक्त बसायचे. जेवणं झाली, बाकीचे पांगले आणि भिवा व्याह्यांनी सहज विचारलं, "कमजोर टीमनं जोरदार टीमसमोर टिकावं कसं?" राघोशेठना असा प्रश्न चाळीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. त्यांनी संचिताला हाक मारून दहा वाट्या मागवल्या आणि एक तांब्या. तांब्या म्हणजे गोल. त्याच्यासमोर पाच वाट्या, त्यांच्या पुढं चार, आणि एक जरा बाजूला.

"ही दहावी वाटी कवा पन आत नाय आणायची," त्यांनी तेव्हा बजावलं होतं. "समोरचा चिडतो, मग आख्खा पुढं येतो. त्याचं घर उघडं पडलं की या वाटीला पळवायचं. एकदाच. पन जोरदार टीमवाला शाना असंल ना, तर तो स्वतःच मागं सरंल, तुमाला भायेर ओढंल. तसं केलं तर तुमचं काय खरं नाय." दोन तास ते बोलत होते. भिवा गुडघ्याला मिठी मारून ऐकत होते. ऐकत होते म्हणजे नुसती मान डोलावत असतील, असं राघोशेठनी धरून चाललेलं. आपलं बोलणं कोणी खरोखर ऐकतं, याची सवयच नव्हती त्यांना.

मैदानाच्या पलीकडे भिवा व्याही उकिडवे बसले होते. आंबिवलीची ती दहावी वाटी, एक काटकुळा पोरगा, मधल्या रेषेजवळ एकटाच रेंगाळत होता. त्याच्याकडे उंबरखारचं कोणी बघतही नव्हतं.

मध्यंतराला राघोशेठ धापा टाकत आपल्या पोरांपाशी गेले. "मागं सरा! त्यांना भायेर येऊ द्या! सगले पुढं जाऊ नका रे!"

"हो काका," विकी बुटाची नाडी बांधत म्हणाला. बायजाबाई मिक्सर चालू करतात, त्यातलाच प्रकार.

दुसऱ्या डावात सगळे पुढं गेले. राघोशेठ कडेनं धावत, ओरडत होते. पोट हलत होतं, चप्पल सुटली होती. "मागं! अरे मागं या!" पण तोवर एक चमत्कार झाला होता. क्रिकेट बघणारं गाव खुर्च्या सोडून रेषेवर आलं होतं. प्रत्येक फटक्याला "अरे यार!" होत होतं. प्रफुल्लसुद्धा उभा राहून "मार, विक्या, मार!" करत होता. त्या कालव्यात राघोशेठचा आवाज कुठल्या कुठं गेला. फुटबॉलसाठी गाव ओरडावं, हे त्यांचं उभ्या जन्माचं स्वप्न होतं. ते खरं झालं आणि त्यानंच त्यांचा घात केला.

शेवटची चार मिनिटं. उंबरखारचा गोलकीपरसुद्धा मधल्या रेषेपर्यंत आला. पलीकडे भिवा उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात वर केला, गाडी येताना रुळावरच्या माणसांना सावध करायला करायचे तसा. सुशांतनं बॉल लांब फेकला. काटकुळा पोरगा पळत सुटला. त्याच्यापुढं आख्खं रिकामं मैदान होतं आणि शेवटी राघोशेठनी सात वर्षांपूर्वी वेल्डिंग करून घेतलेले दोन खांब. त्यानं घाई केली नाही. सावकाश आत टाकला.

गावाचे हात डोक्यावर गेले. धाकूनं माइक तोंडाशी नेला. "एक धाव," तो हळूच म्हणाला.

सामना संपला तो एक-शून्य. राघोशेठ गोलपोस्टच्या खांबाला टेकून बसले. त्यांना रडू येत होतं, आणि ते आवरायची त्यांनी फारशी खटपट केली नाही. तेवढ्यात भिवा कप घेऊन आले. त्यांचा चेहरा पहिला नंबर काढून घरी आलेल्या पोरासारखा.

"व्याही, तुमी सांगलं तसंच केलं सगलं," ते म्हणाले. "एक शबूद इकडचा तिकडं नाय. घरी जाऊन लिवून काढला मी. मना वाटलं, तुमाला बरं वाटंल."

राघोशेठनी कपाकडे पाहिलं. पोस्ट गेले होते, रविवार गेला होता, पुतण्या पाने घेऊन शेजारी उभा होता. आणि चाळीस वर्षं त्यांनी जे ज्याला त्याला सांगितलं होतं, ते एका माणसानं घरी जाऊन वहीत उतरवलं होतं. रागवावं तर कोणावर?

"बाजूच्या पोराला थोडा उशिरा सोडला तुमी," ते डोळे पुसत म्हणाले. "पयल्या डावातच एकदा चान्स व्हता."

"व्हता काय?" भिवांनी खिशातून पेन काढलं.

प्रफुल्ल अवघडून उभा होता. सामना बघता बघता त्याचाही घसा बसला होता. "काका, राहू दे हवं तर. पुढच्या वर्षी बघू."

"देवीसमोर नारल फोडलाय," राघोशेठ उठत म्हणाले. "खोल नट."

पोस्ट खाली उतरले आणि आता ठेवायचे कुठं असा प्रश्न आला. तो बायजाबाईंनी सोडवला. जावई घरी आलेला, त्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? टॉवेल-टोपी दिली ती गावानं, सासऱ्याचा आहेर राहिलाच होता. आंबिवलीच्या टेम्पोत खेळाडूंच्या डोक्यावरून ते सहाही पाइप आडवे चढले. बायजाबाईंनी त्यांना हळदकुंकू लावलं. हुंड्यात कपाट गेलेलं गावानं पाहिलं होतं, गोलपोस्ट पहिल्यांदाच.

पुढच्या रविवारी दुपारी राघोशेठ इस्त्रीचा शर्ट घालून चपला शोधू लागले.

"कुठं चाललाव?" बायजाबाईंनी विचारलं.

"आंबिवलीला. पोस्ट नीट बसवलेत की नाय बघतो. येतांना संचिताला भेटंन." मग जरा थांबून म्हणाले, "आता पोस्ट तिथं हायत तर दर रविवारी जावं लागंल."

बायजाबाईंनी या वेळी मिक्सर लावला नाही. नातवासाठी केलेला रव्याच्या लाडवांचा डबा त्यांनी आणून हातात दिला.

आंबिवलीला ओट्यावर संचितानं पाणी आणलं. नातू मांडीवर येऊन बसला. भिवा व्याही आत गेले आणि बाहेर आले ते हातात वाट्या आणि तांब्या घेऊन. त्यांनी त्या शांतपणे जमिनीवर मांडल्या. तांब्या, त्याच्यासमोर पाच, पुढं चार, एक बाजूला. शेजारी वही उघडून ठेवली.

"आता या फोडायच्या कशा, ते सांगा," भिवा म्हणाले आणि गुडघ्याला मिठी मारून बसले.

राघोशेठनी नातवाला मांडीवर सरळ बसवलं, घसा साफ केला आणि बोलायला सुरुवात केली.