खुराड्याखालची पानं

एंतिनच्या घरात स्वतःच्या खुराड्यातली कोंबडी कधी शिजली नाही. हा नियम तिनेच घातला होता आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

चियांजूर शहराच्या वरच्या, डोंगराकडच्या अंगाला घरामागे तळं नाही असं घर विरळाच. एंतिनच्या तळ्यावर तिच्या सासऱ्यांनी बांबूचे खांब रोवून लांबलचक खुराडं उभारलं होतं. वर पांढऱ्या कोंबड्या, पायाखाली बांबूच्या पट्ट्या, पट्ट्यांच्या फटीतून विष्ठा थेट पाण्यात, आणि पाण्यात तोंडं वासून उभे मासे. झाडलोट नाही, दुर्गंधी फार नाही, माशांना वेगळं खाणं नाही. सासरे या व्यवस्थेवर इतके खूश होते की पाहुण्यांना आधी तळं दाखवत आणि मग घरात नेत.

सासऱ्यांच्या वेळी कोंबड्या गावठी होत्या. आता दुकानदार पेटीतून पिल्लं आणून देई, त्यांच्याबरोबर खाद्य आणि औषधाच्या निळ्या पुड्याही. ती पूड पहिल्या आठवड्यापासून पिण्याच्या पाण्यात कालवायची, पिल्लं आजारी असोत वा नसोत. कोंबड्या न्यायला ट्रक यायच्या आधी काही दिवस पूड बंद करायची, म्हणजे मांसात औषध उरत नाही, असंही दुकानदाराने सांगितलं होतं. एंतिनचा नवरा एंग्कोस ते पाळायचा. पण शेवटच्या दिवसांत एखादी कोंबडी खोकली की त्याचा हात आपोआप पुडीकडे जाई.

"शहरातल्या लोकांना काही होत नाही," तो म्हणे. "त्यांची पोटं पत्र्याची असतात."

म्हणून एंतिन त्या कोंबड्यांना हात लावत नसे. घरात शिजायचे ते तळ्यातले मासे. आणि भाताबरोबर कच्ची पानं व मिरचीचा ठेचा. पानांवाचून जेवण म्हणजे तिच्याकडच्या माणसांना अर्धपोटी उठल्यासारखं वाटतं. तळ्याच्या काठाला, खुराड्याच्या सावलीत, ब्राह्मीसारखी गोल पानं आणि पाणपालक असे माजलेले असत की शेजारच्या बायका टोपली घेऊन तिच्याकडेच यायच्या. कोंबड्यांच्या वाट्या धुतलेलं, औषधाचं उरलेलं पाणी एंतिन त्याच काठावर ओतायची. पाणी वाया घालवणं तिच्या जिवावर येई.

मुलगी विविन पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली तेव्हा पावसाळा संपत आला होता. तिचा नवरा दूर बकासी शहरात कारखान्यात कामाला. सहावा महिना लागला आणि विविनला थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ सुरू झाली. गावातल्या सुईणबाई इइस शिकलेल्या, आरोग्यकेंद्रातल्या. त्यांनी गोळ्या दिल्या. ताप उतरला, आठवड्याने परत चढला. दुसऱ्या गोळ्या झाल्या. ताप पुन्हा आला.

एंतिनला घरात बसवेना. ती चुलीपाशी जाई, तिथून विविनच्या खाटेपाशी, तिथून तळ्यावर. हाताला काम हवं म्हणून ती पानं खुडायची. जितका ताप जास्त, तितकी कोवळी पानं. थंड पाण्यातून काढून, ठेच्याबरोबर, मुलीच्या पुढ्यात.

"मा, मला भूक नाही."

"भूक कशाला लागते? पानं काय पोट भरायला खातात? दोन खा, तोंडाला चव येईल."

विविन खायची. आई समोरून हलायचीच नाही, तर करणार काय?

तिसऱ्यांदा ताप आला तेव्हा इइसबाईंनी लघवी शहरात तपासायला पाठवली. उत्तर आलं त्या दिवशी त्या स्वतः चालत घरी आल्या.

"हिच्या अंगातले जंतू या गोळ्यांना जुमानत नाहीत," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या गोळ्यांनाही नाही. आता शहरात भरती करून शिरेतून औषध द्यावं लागेल. उशीर केला तर कळा लवकर सुरू होतील, आणि हे मूल अजून फार लहान आहे."

एंग्कोस उठून भाच्याची गाडी मागायला गेला. इइसबाई मागच्या दाराशी उभ्या राहून खुराड्याकडे बघत होत्या.

"पाण्यात औषध घालता?"

"घालतो. पण आम्ही आमच्या कोंबड्या खात नाही, बाई," एंतिन घाईने म्हणाली. "कधीच नाही. विचारा कुणालाही."

"खाल्ल्यानेच होतं असं नाही. रोज थोडं थोडं औषध पोटात गेलं की कोंबडीच्या आतड्यातले साधे जंतू मरतात, आणि ज्यांना औषध लागू पडत नाही ते उरतात, वाढतात. ते विष्ठेतून बाहेर येतात. तुमची विष्ठा कुठे जाते?"

"खाली."

"खाली म्हणजे?"

दोघी तळ्याकडे बघत राहिल्या. काठावर सकाळी खुडलेल्या पानांची देठं पडली होती.

"मासे शिजवून खातो," एंतिन शेवटी म्हणाली.

"आणि पानं?" इइसबाईंनी विचारलं. एंतिनची नजर त्या देठांवर गेली.

"हिचं दुखणं इथूनच आलं असं मी म्हणत नाही," इइसबाई म्हणाल्या. "ते कुणीच सांगू शकणार नाही. पण मी असते तर या काठाचं काही कच्चं खाल्लं नसतं."

विविनला शहरात पोचवून, तिच्या हातात सुई गेलेली पाहून एंतिन आणि एंग्कोस दुसऱ्या दिवशी परत आले, कारण कोंबड्यांना बघायला कुणी नव्हतं. बसमध्ये तिला एकच दृश्य दिसत होतं: आपला हात, हिरवी पानं, विविनचं तोंड. घरी आल्या आल्या ती बसलीही नाही. कोयता घेऊन काठावर उतरली आणि मुळासकट पानं उपटू लागली.

तेवढ्यात शेजारची ओनिह टोपली घेऊन आली. गल्लीतले सगळे तिला चेउ, म्हणजे ताई, म्हणत. वयाने मोठी आणि जिभेने त्याहून मोठी.

"अगं, साफसफाई काढलीस? थांब, माझ्यापुरती तरी ठेव."

"नाही चेउ. आजपासून इथली पानं न्यायची नाहीत."

ओनिहने टोपली कमरेवर टेकवली. "बरं. आता पानंसुद्धा कुलपात ठेवणार. मुलगी शहरात गेली की माणूस शहरी होतं वाटतं."

एंतिनला वाटलं, असंच समजू द्यावं. कंजूस म्हणाली तर म्हणू दे. पण ओनिहच्या घरात दोन लहान नाती होत्या, त्याही हीच पानं चघळत फिरायच्या. ती चिखलातून वर आली आणि इइसबाई जे बोलल्या होत्या ते सगळं, अडखळत, जसं आठवेल तसं बोलली.

ओनिह ऐकून घेऊन म्हणाली, "माझी आई याच पानांवर म्हातारी झाली."

"तुझ्या आईच्या वेळी कोंबड्या औषध पीत नव्हत्या, चेउ."

"इतकी वर्षं मी नेतेय आणि तू आज सांगतेस."

"मला कालच कळलं."

ओनिह रिकामी टोपली घेऊन निघून गेली. आता गावभर आपण कंजूस ठरणार, हे एंतिनला तिथेच कळलं.

एंग्कोस वर खुराड्यात होता. त्याच्या हातात निळी पुडी होती.

"आकांग," नवऱ्याला ती अशीच हाक मारी, "ती ठेव खाली."

"पिल्लं नवी आहेत. हवा बदलतेय. उद्या धडाधड मेली तर दुकानदाराला काय सांगू, बायको घाबरली म्हणून?"

"सांग. आजारी पडेल त्याला औषध देऊ, जनावरांच्या डॉक्टरला विचारून. धडधाकट पिल्लाला कशाला?"

"बाबांनी हे खुराडं..."

"बाबांनी खुराडं बांधलं, आकांग. पुडी नाही आणली."

तो बराच वेळ पुडीची कड नखाने सोलत राहिला. मग ती खिशात घातली. फेकली नाही. एंतिनने तेही पाहिलं.

तिसऱ्या दिवशी ती शहरात निघाली तेव्हा दारात पानांची जुडी ठेवलेली होती, केळीच्या पानात बांधलेली. डोंगराच्या झऱ्याजवळची, बारीक, ओनिहच्या हातच्या गाठीची. एंतिनने ती धुतली, परत धुतली, आणि मग ओनिहने पाहिलं असतं तर आयुष्यभर ऐकवलं असतं असं केलं. पानं उकळत्या पाण्यात शिजवली.

विविन उशीला टेकून बसली होती. कपाळ गार होतं, पण एंतिनने आधीही ते गार झालेलं पाहिलं होतं. मुलीने डबा उघडला.

"मा, हे काय? पानं शिजवलीस?"

"खा."

"आपल्यात पानं कोण शिजवतं? हा लगदा झालाय."

"लगदा खा."

विविनने एक घास घेतला आणि लहानपणी कडू काढा पिताना करायची तसलं तोंड केलं. शेजारच्या खाटेवरची बाई हसली. एंतिन हसली नाही. ती मुलीच्या पोटाकडे बघत होती. चादरीखाली काहीतरी हललं, थांबलं, पुन्हा हललं.

"लाथ मारतंय," विविन म्हणाली. "त्यालाही नाही आवडलं."

एंतिनने चादरीवर तळहात ठेवला. मग दुसऱ्या हाताने पिशवीतून फोन काढून नवऱ्याला लावला.

"पिल्लं कशी आहेत?"

"सकाळी दोन गेली," एंग्कोस म्हणाला. "एक खोकतंय, त्याला वेगळं काढलं."

"आणि पुडी?"

पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता. तेवढ्यात तिच्या तळहाताखाली पुन्हा लाथ बसली, जोरात.

"खिशातच आहे," तो म्हणाला. "तू ये, मग बघू. आणि येताना जाड ताडपत्री आण. खुराडं तळ्यावरून काढायचं तर विष्ठा धरायला खाली काहीतरी लागेल."

तिने फोन ठेवला. ताडपत्रीचं दुकान कोपऱ्यावरच होतं, पण हात काही पोटावरून उचलवेना.

"मा, जा तू," विविन म्हणाली. "मी खाते हे. सगळं खाते."

एंतिन उठली, दारापर्यंत गेली, आणि ती खरंच खातेय का ते बघायला मागे वळली.