धारेखालचा हात

लाँचमामांचा उजवा हात कायम ओला असायचा. धरणावरच्या लाँचचं इंजिन सुरू केलं की ते आधी मागे वाकत आणि नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरत. इंजिन थंड ठेवून परत धरणात जाणारं ते पाणी. धार जाड आणि कोमट लागली, तरच म्हणत, “बसा समदी.” घाई करणाऱ्याला ऐकवत, “पाव्हणं, मानूस बोंबलून सांगतं, इंजिन हळूच सांगतं.”

बहात्तरच्या दुष्काळानंतर मुळा धरण भरलं, तेव्हा मी पलीकडच्या गावांची नर्स होते. राहुरीचा दवाखाना रस्त्याने लांब, लाँचने जवळ. मामा आधी विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचे. रोज सकाळी तेलाची पट्टी काढून बघणार, डिझेल फडक्यातून गाळूनच ओतणार. “आपन पानी गाळून पितो, मग ह्यानं काय घोडं मारलंय?” मला व्यवस्थितपणाची आवड, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

त्या दसऱ्याला गावाने हौसेने लाँचची पूजा केली. इंजिनाला हळदकुंकू, कडेने झेंडूच्या माळा, उरलेली फुलं पाण्यात. दुपारी बाळंतपणात अडलेल्या सखूला घेऊन मी त्याच लाँचमध्ये बसले. धरणाच्या मधोमध मामांनी धारेखाली हात धरला आणि झटकन मागे घेतला. धार बारीक झाली होती, आणि कढत. त्यांनी इंजिन बंद केलं.

“दसऱ्याच्या दिशी बंद पडली! अपशकुन झाला गं बया,” सखूच्या सासूने गळा काढला.

“बंद पडली न्हाई, आक्का. म्या बंद केलीया.”

सखूच्या नवऱ्याने इंजिनावर ओतायला बादली उचलली. मामा कडाडले, “ठेव खाली! तापल्या लोखंडावर गार पानी? तडकलं म्हंजे बायकूला काय पवत नेनार?”

पाणी आत घेणाऱ्या नळीची जाळी त्यांनी उघडली. आत झेंडूच्या पाकळ्यांचा लगदा. तो काढून झाला तरी ते इंजिन सुरू करीनात. सखूच्या कळा वाढत होत्या. माझाही धीर सुटला. “मामा, चालू करा हो! पोचू कसंतरी.”

“कसंतरी न्हाई, ताई. पोचायचंच हाय.” मग सखूकडे वळून म्हणाले, “तू बी दम खा, पोरी. ह्ये निवलं की निघालोच.”

इंजिन निवलं, सुरू झालं. मामांनी हात धरला, मान डोलावली. दिवेलागणीला सखूला दवाखान्यात मुलगी झाली.

पुढच्या दसऱ्याला सखू माळ घेऊन आली, ती तिने लाँचवरच्या झेंड्याच्या काठीला बांधली. पाण्यात एकही फूल पडू दिलं नाही. मामांनी तिच्या लेकीचा तळवा धारेखाली धरला. “कोमट हाय न्हवं? मंग निघू या.” पोर खिदळली.

काही वर्षांनी मामा म्हातारपणामुळे गावी गेले. निघताना नव्या ड्रायव्हरला त्यांनी फक्त ती जाळी दाखवली. माझीही बदली ठरली, तेव्हा शेवटची फेरी केली. सखूची लेक दप्तर घेऊन चढली, बाकाकडे न बघता थेट मागे गेली आणि वाकून धारेखाली हात धरला. सगळी लाँच, ड्रायव्हरसुद्धा, तिच्याकडे बघत थांबली होती.

“बसा समदी,” ती म्हणाली.