चवीचे दोन दिवस

चिखलीत इंदुताईंची खानावळ शोधायला पत्ता लागत नाही. ज्या पत्र्याच्या शेडबाहेर सगळ्यात जास्त सेफ्टी शूज काढून ठेवलेले दिसतील, तीच त्यांची. सोलापूर, लातूर, धाराशिवकडची माणसं चाकणच्या कंपन्यांत लागली की आधी खोली शोधतात, मग इंदुताईंना. मीही असाच आलो आणि तिथलाच झालो.

इंदुताई मूळच्या परांड्याच्या. नवरा उद्धवराव वर्कशॉपमध्ये; त्यांच्या पगारात भागेना म्हणून यांनी शेजारच्या पोरांचे डबे सुरू केले आणि डब्यांची बघता बघता खानावळ झाली. बाई तोंडाने तिखट. दुसरी भाकरी नको म्हटलं तर रागावतात, आणि घेऊन ताटात टाकली तर त्याहून जास्त.

नव्या माणसाला त्या दोन दिवस फुकट जेवू घालतात. याला त्या ‘चवीचे दोन दिवस’ म्हणतात. आवडलं तर महिना लावायचा, नाही आवडलं तर यायचं बंद करायचं. सांगायचीसुद्धा गरज नाही. जो पुन्हा आला नाही, त्याच्याकडे इंदुताईंनी कधी पैसे मागितले नाहीत. सगळ्या जगाचा व्यवहार असाच चालतो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

त्यांचा फोन मात्र गणराजच्या हाती. गणराज औशाचा, कंपनीत मशीन ऑपरेटर, खानावळीतला सगळ्यात जुना माणूस. भाजीवाला दारात आला की ताईंचे हात पिठात असायचे. मग त्या आतून ओरडायच्या, “गणराज, दे रं त्याला पैसे,” आणि पाठोपाठ पिनही ओरडूनच सांगायच्या. आम्ही म्हणायचो, ताई, अहो निदान हळू तरी बोला. पण ऐकतील त्या इंदुताई कसल्या!

मध्यंतरी आम्हा लोकांना पनीरचे डोहाळे लागले. ताईंनी कुठलंसं स्वयंपाक शिकवणारं अ‍ॅप घेतलं. पहिला महिना मोफत, असं ठळक अक्षरात होतं. त्याखाली बारीक अक्षरात काय होतं, ते त्यांनी वाचलं नाही. दुपारच्या निवांत वेळी त्यांनी स्वतःच बटण दाबलं, स्वतःच पिन टाकला. दोन-चार भाज्या बघितल्या. प्रत्येकीत काजू वाटायला सांगतात म्हणून वैतागल्या आणि अ‍ॅप फोनवरून काढून टाकलं. त्यांच्या लेखी विषय संपला. महिना संपता संपता पैसे कापले जाणार असल्याचा मेसेजही आला होता, पण कर्जाच्या नि लॉटरीच्या मेसेजांबरोबर त्यांनी तोही न वाचताच पुसला.

मग एक दिवस किराणावाल्याकडे त्यांचे पैसे जाईनात. खात्यातून अ‍ॅपची पूर्ण वर्षाची वर्गणी गेलेली होती. पण हे त्यांना ठाऊक नव्हतं. खात्यात पैसे नाहीत, एवढंच कळलं. त्या तशाच तणतणत खानावळीत आल्या. आम्ही जेवत होतो.

“माझा फोन कोन हाताळतंय? तूच ना?” त्या गणराजसमोर उभ्या राहिल्या. “घरच्यावानी वागवलं तुला, आन् तूच चोरी केलीस?”

“मी न्हाई, ताई,” गणराज म्हणाला.

मी म्हणालो, “ताई, पैसे कुठं गेले ते आधी बघू तरी.” मला त्यांनी गप्प बसवलं. गणराज अर्ध्या ताटावरून उठला, हात धुतले आणि गेला. मला त्या वेळी ताईंचा भयंकर राग आला, आजही येतो.

दुसऱ्या दिवसापासून गणराज खानावळीत फिरकला नाही. पण बोलणं कंपनीच्या बसपर्यंत पोहोचलंच. त्याच्या खोलीतला समाधान, इतकी वर्षं एका चुलीचं खाल्लेला माणूस, पाकीट उशाखाली घेऊन झोपायला लागला. गणराज कोणाकोणाला सांगणार?

इकडे ताईंनी धसका घेतला होता. आता त्या येईल तो मेसेज वाचू लागल्या. त्यातच एक आला: वार्षिक सदस्य झाल्याबद्दल आभार, बऱ्याच दिवसांत आपण नवी भाजी शिकला नाहीत. त्यांनी तो मला दाखवला. मी त्यातली रक्कम खात्यातून गेलेल्या रकमेशी ताडून बघितली, तीच होती. त्यांनाही कळलं होतं. मी अ‍ॅपवाल्यांना फोन लावून दिला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, महिना संपायच्या आत रद्द करायला हवं होतं, तसं लिहिलंच होतं.

“अगं, पन मी परत जेवायलाच आले न्हाई, मग पैसे कसले?” इंदुताई म्हणाल्या. त्या मुलीला काहीच कळलं नाही. पुढच्या वर्षाची कपात तेवढी बंद झाली. गेलेले पैसे परत मिळाले नाहीत.

रविवारी त्या गणराजच्या खोलीवर गेल्या. तिथे माफी मागितली नाही. “जितं बोलले तितंच बोलायचंय. चल,” एवढंच म्हणाल्या आणि त्याला घेऊन आल्या. पंगत भरलेली होती, समाधानही बसला होता.

“ऐका सगळे,” ताई म्हणाल्या. “ह्यानं माझा एक रुपायबी घेतला न्हाई. बटन मी दाबलं, पिन मी टाकला, लिवलेलं वाचलं न्हाई ते बी मीच. आन् चोर ह्याला म्हनले. चुकले मी.”

समाधान खाली मान घालून भाकरी मोडत राहिला. ताईंनी ताट वाढलं. गणराज उभाच होता.

“ताई, मला एकदा विचारायचं तरी होतं,” तो म्हणाला. “मीच हुडकून दिलं असतं.”

इंदुताई सगळ्यांसमोर रडायला लागल्या, आणि गणराज त्यांच्याकडे न बघता जेवायला बसला.