तराफा जागेवर नाही

माझी आत्या खाडीत कालवं वाढवते. बांबूचा चौकोनी तराफा, त्याखाली निळी प्लास्टिकची पिंपं, खाली सोडलेल्या साठ दोऱ्या आणि दोऱ्यांना चिकटून वाढणारी कालवं. तराफ्याच्या नांगराचा दोर ढिलाच ठेवावा लागतो. ओहोटीला तराफा समुद्राकडे सरकतो, भरतीला परत आत येतो. हे आत्याला अकरा वर्षं ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हतं, आणि सरकारी अर्ज नेमका मी भरला.

योजना खरंच चांगली होती. मंजुरी मिळाली की खाडीतली ती जागा सात वर्षं आत्याच्या नावावर. गेल्या वर्षी रेतीच्या एका बोटीने तराफा सरळ बाजूला ढकलला, तेव्हा तक्रार करायला गेलेल्या आत्याला विचारलं होतं, "जागा तुमची कशावरून?" म्हणून हा कागद हवा होता.

मी मोबाइल घेऊन तराफ्यावर उभी राहिले, अक्षांश-रेखांश सहा दशांश स्थळांपर्यंत टाकले आणि स्वतःवरच खूश झाले. तेव्हा भरती होती. तपासनीस आले ओहोटीला.

"बाई, इथे तर नुसतं पाणी आहे," होडीत उभे राहून मोबाइलकडे बघत ते म्हणाले.

"साहेब, तो काय तराफा! चार वल्ही मारली की हात लागेल," आत्या म्हणाली.

"पण तो नकाशातल्या ठिपक्यावर नाही."

शेरा पडला: तराफा जागेवर नाही. फेरतपासणी गुरुवारी अकराला, भरतीच्या वेळी. तोवर तराफा हलवायचा नाही.

"वा, इंजिनीअरीणबाई!" आत्या मला म्हणाली. "तराफ्याला खिळा ठोकून ये आता."

बुधवारी सकाळी निरोप आला, त्याच रात्री धरणाचे दरवाजे उघडणार. तोही सरकारचाच. धरणाचं गोडं पाणी खाडीत उतरलं की चार-सहा दिवस हटत नाही, आणि तेवढ्यात कालवं मरतात. दर वेळी आत्या आणि आतोबा तराफा ओढत खाडीच्या मुखाशी नेतात, तिथे पाणी खारट राहतं. मी कार्यालयात फोन लावला. "धरण आमच्या खात्यात येत नाही," पलीकडचा कारकून म्हणाला. तपासणी मुखाशी करता येईल का? "जागा बदलली की नवा अर्ज."

"आत्या, एकच दिवस थांब ना. उद्या अकरापर्यंत."

"मी थांबेन गं. पाणी थांबणार आहे का?"

"मग सात वर्षांचं काय?"

"दोऱ्यांवर दीड वर्षाची कालवं आहेत. ती मेल्यावर त्या जागेत मी काय, पोहायला शिकवू?"

आतोबा होडीचं इंजिन पुसायला लागले. म्हणजे ठरलंच होतं. दुपारच्या ओहोटीबरोबर आम्ही तराफा ओढत नेला. जेमतेम दीड किलोमीटर, पण चार तास लागले.

गुरुवारी तपासनीस वेळेवर आले. खाडी चहासारखी लाल झाली होती. मी त्यांना तराफा नेतानाचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला.

"मला सगळं कळतंय हो," ते म्हणाले. "पण ॲपमध्ये 'आढळला' आणि 'आढळला नाही' एवढंच आहे."

"सहा दिवसांनी या," आत्या म्हणाली. "पाणी खारट झालं की तराफा आणून ठेवते तुमच्या ठिपक्यावर."

"मुदत आज संपते, बाई."

त्यांनी बटण दाबलं. माझ्या मोबाइलवर लगेच संदेश आला: अर्ज रद्द, पुढील वर्षी पुन्हा संधी. इतकं झटपट काम त्या कार्यालयाने आधी कधी केलं नव्हतं.

मी आत्याला संदेश दाखवायला वळले. ती होडीत चढलीसुद्धा होती.

"अर्ज पुढच्या वर्षी भरू," ती म्हणाली. "आधी मुखाशी चल. दोऱ्या वर ओढून बघायच्यात, हात लाव."