गप्प बसलेल्यांचे वकील

प्रश्न विचारून झाला की गायकवाड सर हात वर करणाऱ्यांना आधी हात खाली घ्यायला लावत. "तुमचं कळलं. जे बोलत नाहीत त्यांचं ऐकू या," म्हणत आणि मागच्या बाकाकडे बघत उभे राहत. मागच्या बाकावर मी असे. दिवसभर गिरगावातल्या दुकानात उभं राहून संध्याकाळी दादरच्या लॉ कॉलेजात यायचं, आणि वर हे! पहिले सहा महिने मला त्यांचा मनापासून राग यायचा.

सर परळच्या चाळीत वाढलेले, कस्टम्समधून निवृत्त झालेले. आमच्याकडे तासिका तत्त्वावर राज्यघटना शिकवत. अमेरिकेतला एक वाद त्यांचा फार लाडका होता. परदेशी माल पाडलेल्या किमतीत येऊन देशातले कारखाने बुडवू लागला की सरकार त्यावर अँटी-डंपिंग शुल्क लावतं. तिथल्या एका कायद्याने ते शुल्क कारखानदारांनाच वाटलं जाई. पण ज्यांनी तक्रारीला पाठिंबा दिला त्यांनाच. विरोध करणारे आणि मत न देणारे कोरडेच. मतावरून वाटा ठरवणं घटनाबाह्य आहे, असं म्हणत त्यातले काही कोर्टात गेले आणि हरले. हे बक्षीस तक्रार लढवायला केलेल्या मदतीचं आहे, मताचं नव्हे, असं कोर्ट म्हणालं.

सरांना ते कधीच पटलं नाही. "अरे, गप्प बसला त्याचा कारखाना काय कमी बुडाला?" ते तावातावाने विचारत, जणू कारखाना परळचाच होता.

कॉलेजच्या अभिरूप न्यायालयात, म्हणजे सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्यात, हाच वाद आला तेव्हा मी त्यांच्या लाडक्या पक्षाविरुद्ध उभी राहिले. जो सोबत आला नाही त्याला वाटा कशाला, असं ठासून मांडलं आणि जिंकले. निकाल सरांनीच दिला. "सावंतने आज मला पार झोपवलं," हे ते स्टाफरूममध्ये कौतुकाने सांगत फिरले.

शेवटच्या वर्षी एका विश्वस्ताच्या भाच्याची हजेरी भरली नाही. सरांनी त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. महिन्याभरात सरांविरुद्ध तक्रार आली: अभ्यासक्रमाबाहेरचे परदेशी खटले शिकवून वेळ घालवतात. ऑफिसने वर्गात कागद फिरवला. तक्रार मान्य, अमान्य, मत नाही. नावासमोर सही करायची. मला फोर्टातल्या एका सॉलिसिटरकडे लागायचं होतं आणि त्यासाठी प्राचार्यांचं पत्र हवं होतं. मी 'मत नाही' खाली सही केली. मत होतं. चांगलं ठणठणीत मत होतं. बहुतेकांनी माझ्यासारखंच केलं, आणि पुढच्या सत्रापासून सरांचे तास बंद झाले.

पुढे ते वडाळ्याला मुलीकडे राहायला निघाले. तिथे जागा लहान, म्हणून पुस्तकं वाटायला त्यांनी आम्हा सगळ्यांना घरी बोलावलं. मी मुद्दाम उशिरा गेले. सुतळीने बांधलेले उरलेले गठ्ठे भिंतीशी मांडलेले होते. माझ्या नावाचा गठ्ठा इतरांच्या एवढाच होता. तो मी पिशवीत भरला.

"सर, त्या कागदावर मी..."

"बघितलाय मी तो कागद. पिशवी खालून धर गं, बंद तुटतील," ते म्हणाले. मग आत वळून सामान आवरायला आलेल्या मुलीला सांगितलं, "सावंत आलीय. तिच्या चहात साखर कमी टाक."

वडाळ्याला जाऊन नीट माफी मागायची, असं मी वर्षभर ठरवत राहिले. तेवढ्यात ते गेले. त्या दिवशी त्यांनी चार शब्द सुनावले असते, तर मी तिथल्या तिथे रडून मोकळी झाले असते. त्यांनी माझा वाटा माझ्या हातात दिला, आणि मी चहा पिऊन घरी आले.